पेरूच्या उरुबंबा खोऱ्यातला मोठ्या दाण्याचा पांढरा मका: तिकडची पद्धत आपल्या रानात किती चालेल?

उताराचं_रान (कन्नड तालुका)

राम राम मंडळी. पेरू देशातल्या कुस्को भागात, उरुबंबा नदीच्या खोऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढ्या दाण्याचा पांढरा मका पिकवतात. ती शेती नेमकी कशी करतात हे जाणणारं कोणी इथं असेल तर सविस्तर सांगा. माझे प्रश्न असे:

पेरणी कधी आणि किती अंतरावर? भर, म्हणजे धाटाच्या बुडाशी माती, किती वेळा लावतात? दगडी पायऱ्यांची शेती म्हणतात ती आतून कशी असते, आणि अजिंठा डोंगराच्या उतारावर तसं काही बांधता येईल का? बी कसं निवडतात आणि कसं टिकवतात? आणि शेवटचा प्रश्न, तेच बी आणून इथं लावलं तर दाणा तेवढा भरेल का? रान दोन एकर, मुरमाड ते मध्यम, विहिरीचं पाणी दिवाळीपर्यंत पुरतं.

खोरं_अभ्यासक

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पैसा तिथंच वाया जातो. ते बी इथं दाणा भरणार नाही. का ते समजून घ्या, म्हणजे बाकीची पद्धतही उलगडेल.

हे खोरं समुद्रसपाटीपासून साधारण २,७०० ते ३,००० मीटरवर आहे. पिसाक, उरुबंबा, ओयांतायतांबो ही त्यातली गावं. पिकाच्या हंगामात दिवसा २०-२२ अंश, रात्री ५ ते ९ अंश. म्हणजे सरासरी १५ च्या आसपास. मक्याची वाढ १० अंशांच्या वर मोजायची धरली, तर तिथं पिकाला रोज ५ अंशांचीच कमाई होते. आपल्याकडे खरिपात सरासरी २६ धरा, रोजची कमाई १६. तिथलं पीक ऑगस्ट-सप्टेंबरात पेरतात आणि वाळलेलं कणीस एप्रिल-मे महिन्यात काढतात, सात ते नऊ महिने. एवढ्या लांब मुदतीत पान ऊन खात राहतं, रात्री थंडी असल्यामुळे झाड दिवसाची कमाई श्वासावाटे फारशी उडवत नाही, आणि दाणा सावकाश भरत जातो. आपल्या २२ अंशांच्या दमट रात्री हा सगळा हिशोब उलटा करतात. शिवाय त्या झाडाला आपल्या करप्यासारख्या रोगांची सवय नाही.

काहीजण दिवसाच्या लांबीचं कारण पुढं करतात. मला ते दुय्यम वाटतं. उरुबंबात डिसेंबरात दिवस जवळपास तेरा तासांचा असतो, आपल्याकडे जूनअखेर सव्वातेराचा. फरक आहे, पण थोडा. खरा फरक रात्रीच्या थंडीचा आहे.

आणखी एक. त्या मक्याला, 'कुस्कोचा पांढरा महाकाय मका' या नावाला, पेरूनं २००५ साली भौगोलिक मानांकन दिलं. त्याचं कारणही हेच आहे. तेच बी खोऱ्याबाहेर लावलं की दाणा बारीक होत जातो. पेरूच्याच दुसऱ्या भागात ही गत असेल, तर कन्नडला काय होईल ते बघा. परदेशातून मक्याचं बी आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पिशवीत घालून आणलेलं बी बेकायदा तर आहेच, पण सोबत एखादा नवा रोग आला तर सगळ्या शिवाराला भोवेल. खाण्यासाठी पाकिटात मिळतो तो मका बहुतेक भाजलेला किंवा साल काढलेला असतो, तो उगवतच नाही.

आता पेरणी. तिथं मे ते ऑगस्ट पाऊस जवळजवळ नसतो, जून-जुलैत कडाक्याचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं. दहिवराचा जोर ओसरला की आधी पाटानं रान भिजवतात, वाफसा आला की नांगरतात आणि त्याच ओलीवर पेरतात. पावसाचा जोर डिसेंबर ते मार्च. तोवरची सांध वरच्या बर्फाळ डोंगरांवरून येणाऱ्या पाटाच्या पाण्यानं काढतात. उरुबंबा गावाच्या डोक्यावर चिकोन नावाचं हिमशिखर आहे, त्याचं पाणी खाली शेतात उतरतं. पेरणीला उशीर केला तर दाणा चिकात असताना एप्रिल-मेची थंडी गाठते आणि दाणा पिचकतो. म्हणून तिथं पावसाची वाट बघत बसत नाहीत.

खोऱ्याच्या तळाला बैलजोडी आणि लाकडी नांगर चालतो. उतारावर आणि अरुंद पायरीवर चाकीताक्या चालतं. हे पायानं चालवायचं औजार: माणसाच्या उंचीचा दांडा, खाली लोखंडी पातं, पात्याच्या वर पाय ठेवायला आडवी खुंटी, आणि वर धरायला वाकडी मूठ. माणूस पायानं पातं जमिनीत दाबतो, दांडा मागं ओढून ढेकूळ उचकटतो आणि एक पाऊल मागं सरकतो. समोर बसलेलं माणूस, बहुधा बाई, ते ढेकूळ हातानं उलथवते. यात माती उलटते पण उताराकडं ओघळत नाही.

अंतर: सरी ८० सेंटिमीटर, सरीत दर ४० ते ५० सेंटिमीटरवर तीन दाणे टोबतात. बियाण्याचा हिशोब आपल्या डोळ्यांना विचित्र दिसेल. तो दाणा जवळपास एक ग्रॅमचा. ८० बाय ४० धरलं तर एकरी १२,५०० ठिकाणं, तीन दाण्यांनी ३७,५०० दाणे, म्हणजे एकरी ३७ किलो बी. आपल्या संकरित मक्याचा दाणा पाव ग्रॅमच्या थोडा वर, म्हणून आपल्याला एकरी ८ किलो पुरतं.

भर दोनदा, आणि ही गोष्ट आपल्याकडे लोक हलक्यात घेतात. दिवस मोजू नका, झाडाची उंची बघा. झाड गुडघ्याच्या खाली, वीत-दीड वीत झालं की पहिली खुरपणी आणि हलकी माती. कमरेला लागायच्या आत दुसरी, खरी भर: सरीतली माती उचलून धाटाच्या बुडाशी वीतभर चढवायची. सरीचा वरंबा होतो आणि वरंब्याची सरी. ते झाड अडीच-तीन मीटर उंच होतं, कणीस वरच्या अंगाला लागतं, डोकं जड होतं. खालच्या पेरांना फुटणारी आधारमुळं मातीत गाडली गेली नाहीत तर जानेवारीच्या वाऱ्यापावसात सगळं लोळतं. खताचा दुसरा हप्ता या दुसऱ्या भरीच्या आत, धाटापासून चार बोटं लांब टाकून मातीआड करतात. खत म्हणजे जनावरांच्या वाड्यातलं शेणखत आणि समुद्रकाठच्या बेटांवरची पक्ष्यांची विष्ठा, ग्वानो. त्यात नत्र भरपूर असतं, म्हणून ते धाटाला चिकटून पडलं तर मूळ जळतं.

भर लावताना सगळ्यांत मोठी चूक: उशीर. झाड छातीला लागल्यावर भर लावायला गेलं की मधे पसरलेली मुळं कापली जातात, आणि नेमकं तुरा निघायच्या वेळी झाड सुकतं.

डोंगरउतार

दगडी पायऱ्यांचं मी सांगतो. त्यांना तिथं आंदेनेस म्हणतात. बाहेरून नुसती भिंत दिसते, पण खरं काम पोटात आहे. पाया खणून तळाला मोठे दगड. त्यावर लहान दगड आणि खडी. त्यावर वाळूमिश्रित माती. सगळ्यांत वर दोन-तीन फूट कसदार माती. पाऊस कितीही पडला तरी जादा पाणी खडीतून खाली निथळतं, भिंतीवर दाब येत नाही आणि पिकाचा पाय कुजत नाही. भिंत ताठ नसते, डोंगराकडं कललेली असते. पायरीवरून पायरीवर पाणी उतरायला भिंतीतच दगडी मोरी असते, आणि चढायला भिंतीतून बाहेर काढलेले लांब दगड. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते, त्यानं दहिवराचा मार कमी होतो. आपल्याला त्या उबेची गरज नाही, निचऱ्याची मात्र आहे.

तुमच्या मुरमाड उतारावर हे जमेल, पण काळ्या भारी मातीत करू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन-तीन वर्षांत दगडी भिंत ढकलून देते. तिथं मातीचा बांध आणि त्यावर गवत हेच बरं.

क्रम असा ठेवा. आधी समपातळी काढा. तीन काठ्यांची इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट आणि मधे ओळंबा, एवढ्यावर काम होतं. खुणा चुन्यानं आखा. मग वरची सुपीक माती ओढून एका बाजूला ढीग लावा. हे न करता थेट खणलं तर मुरूम वर येतो, कस खाली गाडला जातो आणि पहिली तीन वर्षं पीक पिवळं राहतं. पाया फूट-दीड फूट, घट्ट मुरूम लागेपर्यंत. भिंत दर फूट उंचीला दोन इंच आत झुकवा. दर तीन-चार फुटांवर एक लांब दगड आडवा आत घुसवा, म्हणजे भिंत आणि भराव एकमेकांना धरून राहतात. भिंतीमागं हातभर रुंदीत खडी किंवा फुटके दगड भरत वर या. मग मुरूम, मग बाजूला काढलेली माती. भिंत चार फुटांपेक्षा उंच नेऊ नका. उंच हवी असेल तर दोन पायऱ्या करा.

भिंत पडते ती बहुतेक एकाच कारणानं: मागची खडी टाळली जाते. परतीच्या पावसात मागं पाणी साचतं आणि पोट सुटून भिंत बसते. दुसरं कारण टोकाचं. पायरीच्या दोन्ही टोकांना पाणी सोडायला दगडी वाट नसेल तर पाणी मधेच फोडून जातं.

बीजराखण

ताई-भाऊ सगळ्यांना नमस्कार. बियाण्याबद्दल लिहिते, कारण या खोऱ्याकडून घेण्यासारखी खरी गोष्ट मला तीच वाटते. तो दाणा निसर्गानं आयता दिलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कणीस हातात घेऊन, निवडून मोठा केलेला आहे. ही निवड तिकडं बायांच्या हातात असते.

त्या कणसावर दाण्यांच्या आठ ओळी असतात. आपल्या संकरिताला चौदा-सोळा. ओळी कमी, म्हणून प्रत्येक दाण्याला फुगायला जागा. निवडताना बघतात ते असं: ओळी सरळ, मधे खंड नाही, टोकापर्यंत दाणा, बुरशीचा गुलाबी-पांढरा डाग नाही, आणि एकही परक्या रंगाचा दाणा नाही. पांढऱ्या कणसात एखादा पिवळा दाणा दिसला म्हणजे शेजारच्या पिवळ्या मक्याचा पराग वाऱ्यावर आलेला आहे. मक्यात हे त्याच वर्षी दाण्यावर दिसतं, पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. असं कणीस खायला ठेवायचं, बियाला नाही.

मग कणसाचे मनात तीन भाग करा. टोकाचा भाग सोडा, बुडाचा भाग सोडा, मधला एक भाग बियाला. कारण साधं आहे: मधला दाणा आकारानं सारखा, त्यामुळे उगवण एकदम होते. बुडाचे दाणे वेडेवाकडे, टोकाचे बारीक. उगवण मागंपुढं झाली की मागं राहिलेलं झाड सावलीत सापडतं आणि वांझ राहतं.

आपल्याकडे हेच करायचं तर संकरित बियाण्यावर करू नका. संकरिताचं बी धरलं की पुढच्या पिढीत झाडं उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी फुटतात. गावरान पांढरा मका मिळाला तर तो घ्या, नाहीतर चाऱ्यासाठी सगळीकडं पेरतात ती आफ्रिकन टॉल ही संमिश्र जात घ्या. दोन्हींचं बी धरता येतं. शेजारच्या मक्यापासून किमान २०० मीटर अंतर ठेवा. तेवढं रान नसेल तर पेरणी तीन-चार आठवडे मागंपुढं करा, म्हणजे तुरे एका वेळी येणार नाहीत.

आणि एक चूक जी पाच वर्षांनी कळते: चार-पाच सुंदर कणसांवरून बी धरणं. मका परागासाठी दुसऱ्या झाडावर अवलंबून आहे. थोड्या कणसांवर वाण चालवला की झाडं खुरटत जातात. किमान १०० कणसं निवडा आणि प्रत्येकातून मूठभर मधले दाणे घेऊन एकत्र करा. कणसं रानाच्या मधून घ्या, बांधाच्या कडेची नको, कारण कडेच्या झाडाला मोकळी जागा मिळालेली असते, त्याचं कणीस मोठं दिसतं पण तो गुण वाणाचा नसतो. उभ्या पिकातच झाडाला दोरा बांधून ठेवा, म्हणजे लोळलेल्या झाडाचं कणीस चुकून निवडलं जात नाही.

साठवण: कणसाची पानं पूर्ण काढत नाहीत. दोन-चार पानं मागं ओढून दोन कणसांची गाठ मारतात आणि जोडी आढ्याला टांगतात. हवा चारी बाजूंनी लागते आणि खाली चूल असेल तर धुरानं किडाही दूर राहतो. वाळलं का ते बघायला काचेच्या बरणीत थोडं कोरडं मीठ आणि मूठभर दाणे घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल अजून जास्त आहे.

खोरं_अभ्यासक

बीजराखण ताईंनी बुरशीचा उल्लेख केला, त्याला जोड देतो. तिथं काढणीच्या वेळी आकाश कोरडं असतं, म्हणून सोंगून धाटं रानातच ढीग लावून ठेवतात. मग पानं सोलून कणसं खळ्यावर पसरतात आणि महिनाभर, कधी जास्त, ऊन देत उलथापालथ करतात. आपल्याकडे खरिपाचा मका नेमका परतीच्या पावसात सापडतो. खळ्यावर ढीग लावून ठेवला की आतून तापतो आणि दाणा काळा पडतो. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला म्हणजे दाणा पक्व झाला, त्यापुढं झाड त्याला काही देत नाही. तेव्हा पाऊस दिसत असेल तर कणीस झाडावर वाळवत बसू नका. काढता येत नसेल तर मेक्सिकोत करतात ते करा: कणसाच्या खाली धाट मोडून कणीस तोंड खाली करून लोंबतं ठेवा. पाणी पानांवरून ओघळून जातं. ठिपका यायच्या आधी मात्र मोडू नका, दाणा पोचट राहील.

किडीचं दोन शब्दांत. कणीस पोखरणाऱ्या अळीसाठी पेरूच्या डोंगरी भागात कणसाच्या केसांवर खाद्यतेलाचे थेंब सोडतात. केस बाहेर आल्यावर पाच-सहा दिवसांनी, टोकं तपकिरी व्हायला लागली की कापसाच्या बोळ्यानं दोन-तीन थेंब केसांच्या बुडाशी. आधी केलं तर पराग आत जात नाही आणि कणसात बोळके राहतात. आपल्याकडे २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली आहे, ती मूळची अमेरिका खंडातलीच. तिच्यासाठी तिकडचे छोटे शेतकरी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, चिमूटभर कोरडी माती किंवा वाळू टाकतात. नऊ भाग वाळू, एक भाग चुना असं मिश्रण आपल्याकडेही सांगितलं जातं. पहिल्या महिन्यात, अळी लहान असतानाच. पोंग्यात ओली लेंडी भरलेली दिसायला लागली म्हणजे तुम्ही उशिरा पोचलात.

चुलीपुढं

पिकवलेल्या पांढऱ्या मक्याचं करायचं काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून.

तिकडं हिरवं कणीस उकडून चीजबरोबर खातात, आपल्या हुरड्यासारखंच त्याला ठरावीक दिवस असतात. वाळलेल्या दाण्याचं मोते करतात, म्हणजे सरळ घुगऱ्याच. साल काढलेलं मोते हवं असेल तर राखेत शिजवतात. एक किलो मका, तीन लिटर पाणी, दोन मुठी बारीक चाळलेली लाकडाची राख. बाभळीची चालते. शेणीची किंवा प्लास्टिक जाळलेल्या चुलीची नको. उकळी आल्यावर पाऊण तासानं एक दाणा बोटांत चोळून बघा. साल सुटून आलं की उतरवा, तीन-चार पाण्यांत चोळून धुवा, मग साध्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा. राखेऐवजी खाण्याचा चुना घेतला तर किलोला १० ग्रॅम बास. भांडं लोखंडी, स्टीलचं किंवा मातीचं. अॅल्युमिनियमचं अजिबात नको, क्षार ते खातो आणि मका काळपट, कडू होतो. जास्त वेळ राखेत ठेवला तर दाणा फुटून चिखल होतो. या पद्धतीनं मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं, साध्या शिजवण्यात ते बांधलेलंच राहतं.

आपला कडक दाण्याचा पिवळा मका या कामाला जमत नाही, आत गाठ राहते. पिठूळ, मऊ दाण्याचा पांढरा घ्या.

उताराचं_रान (कन्नड तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. बी आणायचा विचार सोडला. आफ्रिकन टॉल किंवा गावरान पांढरा, यातलं जे मिळेल ते दहा गुंठ्यांत बियासाठी लावतो. एक विचारायचं राहिलं: कडेला जनावरं शिरतात, तिथं तिकडचे लोक काय करतात? आणि नक्षत्र बघून पेरणी ठरवतात म्हणे, ते खरं का?

खोरं_अभ्यासक

कडेला तारवी लावतात. ही निळ्या फुलांची शेंगवर्गीय झुडपं, दाणा आणि पाला इतका कडू की जनावर तोंड लावत नाही. आपण ज्वारीच्या कडेनं करडईचे तास सोडतो तोच विचार, फक्त काट्याऐवजी कडूपणा. खरिपात करडई नाही चालणार. कडेचे दोन तास अंबाडी टाका. जनावर पूर्ण थांबणार नाही, पण दाट आडोसा होतो आणि वाकही मिळतो.

नक्षत्राचं खरं आहे, पण ते बटाट्यासाठी आणि पाण्याच्या अंदाजासाठी. जूनच्या शेवटी पहाटे कृत्तिका किती ठळक दिसतात ते बघतात. अंधुक दिसल्या तर पाऊस उशिरा आणि कमी येणार असं धरून बटाट्याची लागवड पुढं ढकलतात. २००० साली शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास छापला: एल निनोच्या वर्षी उंचावर विरळ ढग वाढतात, त्यानं तारे अंधुक दिसतात, आणि त्याच वर्षी तिथं पाऊस कमी होतो. आपल्याकडे जूनअखेर पहाटे ढगच असतात, त्यामुळे ही खूण इथं वापरता येणार नाही. तुम्ही चांगली वीतभर ओल झाल्याशिवाय टोबणी करू नका, आणि दहा गुंठ्यांना ७५ बाय २० सेंटिमीटरनं दोन किलो बी धरा. टोबताना दर ठिकाणी दोन दाणे टाकायचे असतील तर चार किलो, आणि बारा-पंधरा दिवसांनी एक रोप ठेवून विरळणी.